घोड्यांच्या श्वासासाठी बांधलेली पागा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. यॉर्कशायरमधल्या त्या जुन्या हवेलीची पागा वयानं कुजली, म्हणून पाडा, असं तुमच्या वारसा खात्याचा कागद म्हणतो.

ईनॉक थ्वेट तिथला मोतद्दार. एकेचाळीस वर्षं घोड्यांची उस्तवार केली, पागेच्याच माळ्यावर राहिला. पागा गेली की सहा घोडी विकली जाणार आणि याच्या डोक्यावरचं छप्परही जाणार.

तुमची तपासनीस रोझलिंड पिम आली ती दारातच बूट पुसायला लागली.

"राहू दे पोरी. इथं चिखलाला मान आहे."

"मिस्टर थ्वेट, तुळया ओल्या आहेत. कोरड्या कशा लिहू?"

"ओल्याच लिही. पण का ओल्या, तेही लिही. हा कोपरा गोल का?"

"शोभेला?"

"शोभेला म्हणे! वळताना घोड्याचा पुठ्ठा खरचटू नये म्हणून. खिडक्या उंच, डोळ्यांत ऊन जाऊ नये म्हणून. बांधणाऱ्यानं माणसाचं माप धरलंच नाही."

मग त्यानं घोडी बाहेर काढली आणि बादलीत ओलं गवत धुमसत ठेवलं. धूर गव्हाणींवर चढला, कमानींखाली जाऊन तुंबला. बाई खोकायला लागली.

वर, पागेच्या छपरावरच्या घड्याळाच्या मनोऱ्यात, झरोके आहेत. कबुतरं शिरतात म्हणून तुमच्याच खात्यानं अकरा वर्षांपूर्वी ते फळ्या ठोकून बुजवले. वारसा इमारत, तुमच्या परवानगीशिवाय खिळा काढणंही गुन्हा. ईनॉकनं उंच खिडक्या उघडायची लांब आकडी घेतली आणि एक फळी खेचून पाडली.

धूर हलला. प्रत्येक गव्हाणीवरून एकेक धार निघाली, कमानीच्या पोटाला धरून वर सरकली आणि साऱ्या धारा मनोऱ्याखाली एकत्र वळल्या. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्यांच्या श्वासाला वाट काढून दिली होती, दगडात. बाई मान वर करून उभी राहिली. हातातला कागद खाली पडला, तो तिनं उचललाही नाही.

"ही भिंत नाही," ती हळूच म्हणाली, "ही छाती आहे."

"आणि तिचं नाक दाबलंय," ईनॉक म्हणाला. "अकरा वर्षं श्वासाची वाफ आतच तुंबतेय, म्हणून तुळया ओल्या."

तिनं सगळं लिहून पाठवलं. तुमच्या छापील अर्जात धुरासाठी रकाना नाही, म्हणून तुम्ही ते परत पाठवलंत. दुसऱ्या दिवशी माणूस धाडून ती फळी मात्र पुन्हा ठोकून घेतलीत.

येत्या गुरुवारी पाडणारे येतायत. त्याआधी फळ्या काढायची परवानगी देताय की नाही? लेखी सांगा, खाली सही करून.