रेफरी आडवा होतो

तरुण डॉक्टरने पित्ताच्या गोळ्यांची पट्टी तिच्या हातात ठेवली आणि तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला म्हणाला,

“काही नाही, ॲसिडिटी आहे. या वयात बायकांना होतं असं. घरी काही टेन्शन?”

“टेन्शन यांचंच,” ती म्हणाली. “पण मग जबडा का दुखतोय? आणि पाठीला कुणी तापलेली इस्त्री लावल्यासारखं का होतंय?”

तिची स्वतःची लाँड्री होती, त्यामुळे इस्त्रीबद्दल ती उगाच काही बोलत नसे. डॉक्टर मात्र “काळजी करू नका” म्हणत पुढच्या पेशंटकडे वळलासुद्धा.

बाहेरच्या बाकावर ती जी बसली, ती उठेचना. चेहरा घामाने डबडबलेला, ओठ पांढरेफटक. नवऱ्याने पुन्हा आत जाऊन हातापाया पडून पाहिलं.

“काका, गोळी दिलीय ना?” एवढंच उत्तर मिळालं.

हा काका फुटबॉलचा रेफरी. हयात गेली मैदानावर शिट्टी फुंकण्यात. धक्काही न लागता गुडघा धरून गडाबडा लोळणाऱ्या खेळाडूंचा त्याला मनस्वी तिटकारा. असल्या नाटक्यांना त्याने कधी दयामाया दाखवली नाही. सख्ख्या मेव्हण्याला भर सामन्यात बाहेर काढलं होतं, आणि त्यावरून बायकोचा अबोला सोसला होता.

तो बाहेर आला, कॉरिडॉरच्या मधोमध गेला, छातीवर हात दाबला आणि “आई गं!” करून आडवा झाला.

काय धावपळ उडाली म्हणता! स्ट्रेचर आलं, वॉर्डबॉय आले, नाकावर ऑक्सिजन चढला. तोच डॉक्टर एका पायातली चप्पल निसटली तरी न थांबता धावत आला.

“शर्ट काढा! ईसीजी घ्या!”

रेफरीने शर्टाची बटणं दोन्ही हातांनी गच्च धरली.

“आधी हिचा ईसीजी काढा.”

“अहो काका, अटॅक तुम्हाला आलाय!”

“हिचा काढल्याशिवाय मला हात लावायचा नाही. मेलो तर तुमच्या डोक्यावर.”

“काढून टाका एकदाचा,” डॉक्टर सिस्टरच्या कानात म्हणाला. “म्हणजे हे तरी शांत होतील.”

तिला शेजारच्या खाटेवर निजवून पडदा ओढला. मशीन कुरकुरलं. सिस्टरने कागद आणून डॉक्टरपुढे धरला. त्याने तो पाहिला, परत पाहिला, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पुढच्या क्षणी रेफरीचं स्ट्रेचर भिंतीकडे ढकललं गेलं आणि तिला घेऊन सगळे पळत सुटले. त्याचा ऑक्सिजन काढायलाही कुणी उरलं नाही. मास्क नाकावर तसाच ठेवून तो लहान पोरासारखा रडला. ती गेली तर आपलं कसं होणार, एवढंच त्याला सुचत होतं.

संध्याकाळी त्याला थोडा वेळ आत सोडलं. तिच्या हृदयाची बंद झालेली नळी उघडली होती. धोका टळला होता. ती डोळे मिटून पडली होती.

“पडताना आधी हात टेकवलात,” ती पुटपुटली. “बाकावरून बघत होते मी. शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं.”

त्याने तिचा हात हातात घेतला.

“कुणाला शंकासुद्धा आली नाही गं.”