दुसरा फटका

शॉनने आईचा हात पाठीमागे पिरगळला तेव्हा हॉली स्वयंपाकघरात इस्त्री करत होती. सकाळचे साडेसहा वाजले होते. दुपारी दोनला तिची लीड्समध्ये मुलाखत होती आणि पांढरा ब्लाऊज अजून बाह्यांशी ओलसर होता.

कारण एवढंच होतं की अंडी संपली होती. ग्रिम्सबीच्या बंदरावर माशांचं शीतगृह आहे, तिथली पाळी करून शॉन नुकताच घरी आला होता.

"रात्रभर गोठून घरी यायचं आणि नुसता पाव खायचा?" तो म्हणाला.

"आणते ना रे. दुकान उघडू दे," आई म्हणाली. पण तोवर तिचा हात त्याच्या मुठीत गेला होता.

तो आईकडे बघतच नव्हता. तो बहिणीकडे बघून हसत होता. "काय वकीलबाई? नुसत्या उभ्या काय? या की सोडवायला. ठेवून द्या एक माझ्या तोंडावर."

हे बोलणं तीन वर्षं जुनं होतं. कायद्याची पदवी मिळाली म्हणून कोणी सॉलिसिटर होत नाही. त्यासाठी एखाद्या फर्ममध्ये दोन वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि चांगल्या फर्ममधल्या दहा जागांसाठी हजार जण अर्ज करतात. शिवाय अर्जात विचारलेलं असतं, की पोलिसांकडे तुमच्या नावावर काही आहे का. टेबलावर पडलेला हॉलीचा पहिला अर्ज शॉनने एकदा वाचला होता, आणि तो प्रश्न त्याला फार आवडला होता. सोळा वर्षांची असताना हॉलीने त्याच्या हाताला रक्त येईपर्यंत चावा घेऊन आईला सोडवलं होतं. आता ती हात लावणार नाही हे त्याला कळलं, आणि तेव्हापासून तो मुद्दाम ती घरात असतानाच आईला मारू लागला.

हॉली खरंच हात लावत नसे. आईचं मनगट मोडलं तेव्हा ती दारात उभी होती. नाताळात बरगड्या गेल्या तेव्हा जिन्यावर. दवाखान्यात आईने दोन्ही वेळा कपाटाच्या दाराचं नाव घेतलं. बरगड्या मोडल्या त्याच आठवड्यात हॉलीने एका अर्जात 'तुम्ही एखादं भांडण कसं मिटवलं ते लिहा' या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. ती काम करत असलेल्या बेकरीतल्या दोन गिऱ्हाइकांच्या तंट्यावर तिने अडीचशे शब्द भरले. असे बेचाळीस अर्ज झाले होते. बोलावणं आलं होतं ते या एकाच फर्मचं.

"शॉन, सोड तिला."

"नाहीतर? केस टाकशील?" त्याने हात आणखी वर ओढला.

कट् असा आवाज झाला. आई ओरडली नाही. तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली.

पाव कापायची जाड लाकडी फळी हॉलीच्या हाताशी होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि शॉनच्या खांद्यावर घातली. त्याचे हात सुटले. आई फ्रिजला घासत खाली बसली. शॉन खांदा धरून गुडघ्यावर आला, मान वर करून त्याने बहिणीकडे पाहिलं आणि तो हसायला लागला.

"संपलीस तू," तो म्हणाला. "आता विकत बस जन्मभर पाव."

हॉलीने फळीवरची पकड बदलली. पुढे तिला नेमकं हेच आठवत राहिलं, की पकड बदलण्याइतका वेळ होता. मग तिने फळी त्याच्या तोंडावर मारली. दात तुटून इस्त्रीच्या टेबलाखाली गेला. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला तीन वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

शॉन उठला. त्याने तिचे केस धरून डोकं ओव्हनच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. गुद्दा बसला आणि ओठ दातावर फाटला. ती पडली तशी त्याने बरगडीत लाथ घातली. शेजारच्या ट्रेव्हर म्हाताऱ्याने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं आणि या घरासाठी पहिल्यांदाच फोन केला. पोलिसांनी आईला दवाखान्यात पाठवलं आणि बहीणभावाला वेगवेगळ्या गाड्यांतून ठाण्यावर नेलं.

ठाण्यावर तिला मोफत वकील मिळाली. मिसेस स्टब्ज साठीच्या होत्या, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेल्या. त्यांनी आधी हॉलीच्या ओठाला ओला रुमाल लावला, मग वही उघडली.

"किती वेळा मारलंस?"

"दोनदा."

"दोन्हींच्या मध्ये काय झालं?"

हॉलीने रुमाल ओठावरून काढून टेबलावर ठेवला.

"त्याने आईला सोडलं होतं."

"तुझ्या अंगावर येत होता?"

"नाही. हसत होता."

मिसेस स्टब्जनी पेन खाली ठेवलं. "आईला सोडवायला मारलेला पहिला फटका हा तुझा हक्क. दुसरा नाही. तुला शिकवलं असेलच."

"त्याच पेपरात वर्गात पहिली होते."

"मग आता तो पेपर विसर, आणि नीट ऐक. पोलिसांना तुला कोर्टात न्यायचं नाहीये. गुन्हा कबूल केलास तर लेखी ताकीद देतील, सही केलीस की तासाभरात मोकळी. इथले लोक चहा पिऊन सही करतात आणि विसरून जातात. पण तुला विसरता येणार नाही. ताकीद म्हणजे कबुली. ती नोंदीत राहील आणि प्रत्येक फर्मला तुला ती सांगावी लागेल. कबूल केलं नाहीस, तर सगळं तुझ्या आईच्या जबाबावर. ती काय सांगेल?"

"काही नाही सांगणार. तो तिचा लाडका आहे."

तेवढ्यात दार वाजलं. रेडफर्न नावाची तरुण पोलीस आत आली आणि तिने एक कागद मिसेस स्टब्जच्या हातात दिला. आईने दवाखान्यात प्लास्टर सुकत असताना जबाब दिला होता. मनगट, बरगड्या, त्याआधीचा जबडा, सगळं तारखांसकट. आणि शेवटी एक ओळ होती: हॉलीने मारलं तेव्हा दोन्ही वेळा शॉनने मला धरून ठेवलं होतं.

हॉलीने ती ओळ बोट ठेवून वाचली. आईने आयुष्यात पहिल्यांदा लेकाविरुद्ध तोंड उघडलं होतं, आणि त्यातलं एक वाक्य खोटं होतं.

रेडफर्न बाहेर गेल्यावर मिसेस स्टब्ज म्हणाल्या, "मी तुला खोटं बोल म्हणणार नाही. बोललीस तर मी उठून जाईन. पण गप्प बसायचा तुला हक्क आहे. गप्प बसलीस तर बहुतेक अकराच्या गाडीने लीड्सला जाशील, कोरी करकरीत."

"आणि शॉनची केस उभी राहील तेव्हा?"

"त्याचा वकील विचारेल तुझ्या आईला."

"काय विचारेल?"

"तू सांग. तुला व्हायचंय ना वकील."

हॉलीला ते चित्र लगेच दिसलं. पिंजऱ्यात आई एकटी उभी आहे. समोरचा वकील शांतपणे विचारतोय, की हात धरलेला असेल तर शॉन गुडघ्यावर कसा? त्याचा दात इतक्या लांब कसा? आई अडखळते. हे एक खोटं, मग मनगटही खोटंच, नाही का बाई? आणि शॉन घरी येतो.

"आत बोलवा त्यांना," हॉली म्हणाली.

तिने रेडफर्नला सगळं सांगितलं. पकड बदलली तेसुद्धा सांगितलं. "आई तेव्हा खाली पडली होती. दुखण्याने डोळे मिटले होते तिचे, तिला दिसलं नसेल. बाकीचं सगळं खरं आहे. मी बघत उभी होते."

साडेदहाला तिने ताकिदीवर सही केली.

आई ठाण्याच्या पायऱ्यांवर उभी होती, एक हात गळ्यात अडकवलेला. हॉली जवळ आली तशी तिने दुसऱ्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. या बाईने कोणावर हात उगारलेला हॉलीने कधी पाहिला नव्हता. ओठाची जखम पुन्हा उघडली.

"पोटचा पोरगा दिला मी त्यांच्या हातात," आई म्हणाली. "तुझ्यासाठी दिला. आणि तू सही करून आलीस?"

"तुला कोर्टात फाडून खाल्लं असतं, आई."

"मला काय व्हायचंय फाडून? मी फाटलेलीच आहे."

"म्हणूनच."

आईने कोटाच्या खिशातून रुमाल काढून दिला. "रक्त पूस. गाडी चुकेल."

लीड्सला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ओठाकडे पाहून विचारलं, "पडलात का?"

"नाही," हॉली म्हणाली. "मार खाल्लाय. आणि दिलाय." पुढचं तिने कोणी न विचारता सांगितलं. बाई शेवटपर्यंत सभ्यपणे ऐकत राहिल्या. सोमवारी नकार आला, चार ओळींचा, कारण न देता. हॉलीने तो वाचला, न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि दारावर मूठ आपटत राहिली, हाताची सालटं निघेपर्यंत.

शॉनची केस जूनमध्ये उभी राहिली. त्याचा वकील तरुण होता, कोऱ्या सुटातला. हॉलीच्या मनात आलं, याला उमेदवारीची जागा मिळाली होती.

"मिसेस ब्लँचर्ड," तो आईला म्हणाला, "तुम्ही आधी म्हणालात की दोन्ही फटके बसले तेव्हा माझ्या अशिलाने तुम्हाला धरलं होतं. मुलीने कबुली दिल्यावर जबाब बदललात. मग तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

आईने शॉनकडे पाहिलं. तो हसत होता. मग तिने वळून वकिलाकडे पाहिलं.

"पहिल्यांदा मी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्याने मला सोडलं होतं. माझ्या पोरीने त्याला त्यानंतर मारलं. तिने ते स्वतः सांगितलं, सही केली आणि तिचं जे व्हायचं ते नुकसान झालं. आता मनगटाचं विचारा. विचारा ना. मी उभीच आहे."

वकिलाने कागद चाळले आणि तो खाली बसला.

शॉनला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. त्याला खालच्या कोठडीत नेताना त्याने हॉलीकडे थुंकल्यासारखं केलं. नंतर आई कोर्टाच्या जिन्याने उतरली, एकेक पायरी धरत. हॉलीने हात पुढे केला.

"धरू नकोस," आई म्हणाली. "येते मी."