किरकोळ धक्का

गाडी रस्त्याकडेच्या खांबावर आदळली तेव्हा नवरा मोबाइलमध्ये बघत होता. शेजारी बसलेल्या बायकोच्या डाव्या बरगड्यांवर दरवाजा चेपून बसला. त्याला खरचटलंही नाही. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. "मोबाइलचं कुठे बोलू नकोस, नोकरी जाईल," म्हणाला. ती बोलली नाही. त्याने तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या.

ती घरी शिवणकाम करायची. त्यानंतर कापड बेतायला टेबलावर ओणवं झालं की तिला धाप लागायची. चार घास पोटात गेले की डावा खांदा ठणकायचा आणि छातीत गुडगुड व्हायची.

"छातीत गुडगुड? पत्ता चुकला वाटतं पोटाचा," नवरा जेवताना म्हणाला. समोर बसलेला दीरही हसला.

डॉक्टरांकडे गेलं की नवरा आधी एकटाच आत जायचा. मग ती. "जोरात आदळलो हो आम्ही," तिने सांगून पाहिलं. डॉक्टर लहान मुलीची समजूत काढावी तसे बोलले, "मनाला लावून घेऊ नका." झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू तिलाही वाटायला लागलं, आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय.

एका दुपारी कोटाचं माप घेता घेता ती उलट्या करत खाली बसली. ओठ निळे पडले. गिऱ्हाईक बाईनेच तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

"छाती आणि पोटामधला पडदा फाटलाय," स्कॅन बघून सर्जनबाई म्हणाल्या. "जखम जुनी आहे. जठर वर छातीत शिरलंय. आजच ऑपरेशन करावं लागेल. एवढा मार बसला होता, मग तेव्हाच तपासण्या का नाही केल्या?"

"डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत."

सर्जनबाईंनी नंबर घेऊन त्या डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी त्यांना सांगितलं होतं, नुसता ब्रेक लागला, किरकोळ धक्का बसला. आणि बायको पहिल्यापासून घाबरट आहे."

ऑपरेशन नीट पार पडलं. नवरा भेटायला आला तो खाली मान घालूनच.

"मला वाटलं, आपोआप बरं होईल. तपासण्या म्हटलं की अपघाताची चौकशी आली. आपली नोकरी..."

"तुझी," ती म्हणाली. मोठ्याने बोलायला अजून श्वास पुरत नव्हता. "मी गुदमरत होते आणि तू हसत होतास."



घरी सोडायच्या दिवशी तो गाडी घेऊन आला होता. ती त्यात न बसता बहिणीच्या घरी गेली. आठवड्याने बहिणीने तिचं शिलाई मशीनही आणवून घेतलं.