पोटरीचा रकाना

"मोज्यांचं तुम्हाला काय विचारायचं, बाई," असं म्हणत धाकट्या नर्सनं फॉर्मवर भराभर खुणा केल्या. घट्ट मोजे घातले, हो. रोज चालणं, हो. पोटरी दुखते, नाही. विचारलं काहीच नाही, आणि समोर बसलेल्या बाईंनीही तोंड उघडलं नाही.

बाई म्हणजे याच वॉर्डात एकतीस वर्षं नोकरी केलेल्या मोठ्या सिस्टर. उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या, त्या शिरांच्या ऑपरेशनला आज नऊ दिवस झाले होते, आणि बाई तपासणीला आल्या होत्या. पायात रक्त साकळू नये म्हणून घालायचे ते मोजे त्यांनी तिसऱ्याच दिवशी काढून टाकले, का तर म्हणे खाज सुटते! वर घरी दिवसभर लोळणं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! परवापासून डावी पोटरी टणक झाली होती, गरम लागत होती. रक्ताची गुठळी असली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण पेशंटचे मोजे तपासले नाहीत म्हणून जिला चार जणांदेखत फैलावर घेतलं, त्या पोरीपुढे कबूल कोणत्या तोंडानं करायचं?

आणि न विचारता खुणा करायची रीतही त्यांचीच. चेहरा बघून कळतं गं, असं त्यांनीच पोरींना शिकवलेलं. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या सुताराचा चेहरा त्यांना असाच ठणठणीत दिसला होता, आणि त्यांनी न विचारताच खुणा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो श्वासासाठी तडफडला. कसाबसा वाचला, आणि बाईंनाच म्हणाला, "मीच नीट सांगितलं नसणार." बाई तेव्हाही गप्प राहिल्या. ते आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अगं, थांब जरा," बाई म्हणाल्या. "पोटरी दुखते. परवापासून. मोजेही घातले नाहीत मी."

पोरगी लगेच खाली वाकली. तिनं पाय चाचपला, पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, सोनोग्राफीसाठी चाकाची खुर्ची मागवली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, की दुसरा कोरा फॉर्म भरते, कुणाला कळायचं नाही.

"कोरा नको. यावरच खोड आणि शेजारी सही कर. मीही करते."

पोरीनं खोडलं, सही केली. बाईंनी पेन घेतलं. सवयीनं हात नर्सच्या जागेकडे गेला. तो त्यांनी खाली आणला आणि पेशंटच्या जागेवर आपलं पूर्ण नाव लिहिलं.