थोरलीची सुट्टी

घरच्या छापखान्याची सगळी कामं थोरल्या जावेच्या कॉम्प्युटरवर असत. ती गावाला गेली की सारखे फोन येत, आणि ती कुरकुरत, पण तोऱ्यात उत्तरं देई.

यंदा धाकटीने सगळं क्लाउडवर नेलं. थोरली नवऱ्याबरोबर समुद्रावर गेली, तर फोन वाजेचना. शेवटी तिनेच लावला.

“काही अडलंय का गं?”

“नाही ताई, सगळं माझ्या मोबाइलवर दिसतं. तुम्ही निवांत राहा.”

“तुझं कौतुक झालं असेल.”

“हो ना, मामंजींनीसुद्धा केलं!”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बॅग भरायला घेतली.

“अगं, अजून चार दिवस आहेत,” नवरा म्हणाला.

“असू देत. ती माझ्या खुर्चीत बसलेली मला इथूनही दिसतेय.”