दोघांमधलं मिटवायचं?

"काढून टाका" काही केल्या त्या बटणात मावत नव्हतं. फोनवर "काढून टा" एवढंच दिसायचं आणि पुढे तीन टिंबं. माझं डोकं फिरलं. शेवटी "मिटवा" घातलं. तीन अक्षरं, ऐसपैस बसली. मग वरचा प्रश्नही छाटला. "दोघांमधलं संभाषण मिटवायचं?" ही ओळ पडद्याबाहेर जात होती, म्हणून "संभाषण" उडवलं. दोघांच्याही फोनवरून सगळं गेल्यावर समोरच्याला जो निरोप जातो, त्यातूनही. काय कळायचं ते कळतंय की, म्हटलं.

हे ज्या अ‍ॅपमधलं, त्याला मालक नाही. गप्पा मारा, फोटो टाका, तसलंच ते; पण कुठल्या कंपनीचं नाही. जगभरचे रिकामटेकडे (हा आईचा शब्द) आपापल्या घरून ते लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात आणि कुणाला दमडी मिळत नाही. ज्याला हवं त्यानं ते घरच्या कॉम्प्युटरवर चालवावं आणि आपली माणसं आत घ्यावीत. मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरी येऊन ह्याचं मराठी करते. जोडीला एकच प्राणी आहे. तो कोण, कुठला, देव जाणे. नाव घेतलंय "अनुस्वार". मी "फॉलो करा" लिहिलं, तर हा म्हणे "अनुसरण करा". मी काय कुणाची गुरुमाउली आहे? चांगलंच वाजलं आमचं. पण "मिटवा" वाचून हाच गृहस्थ एका झटक्यात "उत्तम!" म्हणाला. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरही ते चालतं; त्या आमच्या सर्व्हरवर आईला आणि मावशीला मीच आणलं. सख्ख्या बहिणी, दिवसातून दहादा बोलणाऱ्या. आईनं नाव घेतलं "धाकटी", मावशीनं "थोरली". मग आईचं ऑपरेशन झालं आणि आईनं ते मावशीला कळवलंच नाही. "तिला बीपी आहे, उगाच घाबरेल," म्हणाली. मावशीला कळलं ते शेजारणीकडून. झालं! मावशीनं अ‍ॅपवर लांबलचक लिहिलं, त्यात शेवटी होतं, "सख्ख्या बहिणीचं मला परक्यांकडून कळतं." आईनं उत्तर दिलं नाही. तेव्हापासून दोघींच्या तोंडाला कुलूप. आणि मी मधल्या मध्ये, दोन्हीकडून ओरडा खायला.

त्या सुट्टीच्या सकाळी मी धुतलेले कपडे वाळत घालत होते, तर मावशीचा फोन.

"तुझ्या आईनं मला पुसून टाकलं गं," ती म्हणाली. आवाज फाटलेला. "माझं सगळं लिहिलेलं गेलं. वर निरोप आलाय, 'धाकटी यांनी दोघांमधलं मिटवलं आहे.' आता काही राहिलंच नाही म्हणायचं. परवा माझा नंबर बदलतोय. नवीन तिला देऊ नकोस. तुला देईन, पण तिला द्यायचा नाही, शपथ आहे तुला."

फोन बंद. मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून आत गेले. असा राग आला होता की बस. मनात म्हटलं, आजारी माणूस झालं म्हणून काय झालं, एवढा ताठा?

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, चष्मा नाकावर, फोन मांडीवर.

"आई, तू मावशीचं सगळं काढून टाकलंस?"

"मी कशाला काढू?" ती उलट माझ्यावरच तडकली. "मी तर मिटवलं. कालच. आणि बघ ना, अजून एक शब्द नाही तिचा. मी एवढं नमतं घेतलं, तर हिचं आपलं नाक वर."

"मिटवलं म्हणजे काय केलंस नक्की?"

आईनं फोन पुढे केला. "तिचं ते परत वाचत होते. कुठंतरी बोट लागलं, तर त्यानंच मला विचारलं. दोघांमधलं मिटवायचं? मी म्हटलं, हो. अगं, मिटवायचंच आहे मला! इतक्या दिवसांत तुमच्यापैकी कुणी विचारलं का एकदा तरी? ह्यानं विचारलं. मग सगळी पाटी कोरी झाली. मला वाटलं, मागचं मागे टाकलं, आता ती लिहील नव्यानं."

तोंड उघडलं, पण सांगवेना. काय सांगणार? की ते भांडणाचं विचारत नव्हतं? की "संभाषण" मीच उडवलं, ओळ लांब होते म्हणून?

कॉम्प्युटरवर बसले. बसले कसली, उभ्याउभ्याच टाइप केलं. बटण रुंद केलं, "काढून टाका" परत घातलं, प्रश्नात "संभाषण" आणलं आणि दुरुस्ती पाठवली. खाली लिहिलं, "तातडीचं आहे." अनुस्वाराचं उत्तर आलं, "'मिटवा'मध्ये काय खोट आहे? शब्द सुंदर आहे." मी लिहिलं, "सुंदर आहे म्हणूनच घोळ झालाय. माझ्या आईनं ते दाबून बहिणीशी भांडण मिटवलं." मी घरभर येरझाऱ्या घातल्या. टॉवेल अजून खांद्यावरच होता.

मावशीला फोन लावला. तिनं कापला. परत लावला. चौथ्या की पाचव्यांदा उचलला.

"तिची वकिली करायला फोन केलास?"

"मावशे, आधी ऐक, मग हवं तेवढं ओरड." मी सगळं एका दमात सांगितलं. बटण, तीन टिंबं, छाटलेला शब्द, आईचं "हो", खिडकीतली खुर्ची, कालपासून वाट बघणं.

"मावशी?"

"म्हणजे तिनं..." ती थांबली. "त्यानं विचारलं आणि ती हो म्हणाली?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

नाक ओढल्याचा आवाज. "कुठं असतं गं ते बटण?"

मला आधी कळेना, मग कळलं: तिलाही मिटवायचं होतं. तेवढ्यात पडद्यावर टिंग झालं: अनुस्वारानं दुरुस्ती मंजूर केली होती. "चूक माझीही," त्यानं लिहिलं होतं. आणि आमचा आज्ञाधारक सर्व्हर मंजूर झालेलं सगळं आपोआप उतरवून घेतो! इकडे अपडेटची पट्टी भरायला लागली होती. आता मावशीसमोर "काढून टाका" आलं असतं, आणि ते तिनं कसं दाबायचं? मी किंचाळलेच. अपडेट बंद केलं. पट्टी अर्ध्यावर थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी आपलीच दुरुस्ती अडवली.

"मावशी, वर तीन रेघा दिसतायत? त्यांच्यावर बोट ठेव."

"ठेवलं. 'मिटवा' दिसतंय, पण फिकट आहे. दाबलं जात नाही मेलं."

अर्थातच. पाटी कोरी होती. काही लिहिलेलंच नसेल तर ते मिटणार काय? "आधी काहीतरी लिही," मी म्हटलं. "काहीही. एक शब्द लिही, पाठव आणि मग दाब."

"काय लिहू?"

"अगं, काहीही!"

ती लिहायला लागली. मी फोन कानाला लावून दारात उभी राहिले. आईला अजून काही सांगितलं नव्हतं. ती बाहेर बघत होती, ओठ घट्ट मिटून. मावशीला टाइप करायला जन्म लागतो. एक अक्षर, पुसलं, परत अक्षर. माझा जीव टांगणीला. मनात येत होतं, ह्या बयेनं तेवढ्यात विचार बदलला तर?

आईचा फोन वाजला. तिनं झडप घालून उचलला, चष्मा सारखा केला, ओठ हलवत वाचलं आणि एकदम ओरडली, "अगं अगं, गेलं! वाचत होते मी!"

"काय होतं?"

"ताईचं होतं. 'दुखतंय का अजून?' असं होतं. आणि गेलं." तिचा चेहरा रडवेला झाला. मग फोन परत थरथरला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला आणि हळूहळू, पाढा म्हणावा तसं वाचलं, "थोरली यांनी... दोघांमधलं... मिटवलं आहे."

माझ्या कानात मावशी विचारत होती, "गेलं का गं? पोचलं का तिला?" मला हो म्हणता येईना. मी नुसतीच टॉवेलमध्ये तोंड घालून उभी.

आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हात पुढे करून माझ्या कानाचा फोन काढून घेतला. पलीकडे कोण आहे हे तिला कसं कळलं, कोण जाणे.

"नाही गं ताई," ती म्हणाली, "आता नाही दुखत."