भट्टीवालीची गाठ

"थांब! अंथरू नकोस." भट्टीवालीने वॉर्डात चादरी आणणाऱ्या पोरीच्या हातातली घडी हिसकावली आणि नाकाला लावली. "वास कसला गं हा?"

"फुलांचा आहे, आजी. नव्या कंपनीच्या साबणाचा."

"धुतलेल्या कापडाला वास नसतो, बाई. वास फवारतात तो काहीतरी झाकायला."

खाटेवर सून पडली होती. पोट चिरून नात काढलेली, टाके अजून ओले. ती कण्हत म्हणाली, "आई, घालू द्या ना तिला. अंग आखडलंय माझं."

"तू गप पड. टाक्यांत पू धरला म्हणजे फुलं हुंगत बसशील."

भट्टीवालीचा उभा जन्म याच सरकारी दवाखान्याच्या धोबीखान्यात गेला होता. डॉक्टर आले नि गेले, तिची भट्टी विझली नाही. मग वरून हुकूम आला, परवडत नाही. धोबीखान्याला कुलूप आणि धुणं कंत्राटदाराला. पुढच्या दाराशी काचेचं दालन आणि कारंजं मात्र परवडलं. वॉर्डातला नळ सकाळी तासभर करंगळीएवढा वाहायचा, कारंजं दिवसभर नाचायचं.

तिने घडी झटकली. कोपऱ्याला गाठ होती. तिचीच गाठ, डावखुऱ्या हाताची. जुनी रीत अशी की रक्ताची, रोगाची चादर निघाली की वॉर्डातच कोपऱ्याला गाठ मारायची. भट्टीवर ती गाठ सोडून चादर वेगळी उकळायची. काल सुनेखालची चादर काढताना तिचे हात सवयीने चालले होते. गाठ तशीच परत आली होती आणि मधोमध डाग, वरून इस्त्री फिरवलेली.

"धुवायचा साबण कुठं विकतेस गं?"

"मी कशाला विकू? मी नुसते गठ्ठे वाहते, आजी. गाडीत टाकते, गाडीतून काढते. मधे काय होतं ते देव जाणे."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

पोरीने सुनेच्या पाठीखाली हात घालून तिला अलगद कुशीवर वळवलं आणि गेली. हा लाघवीपणाही भट्टीवालीला खटकला. उगाच कोण कुणाची पाठ धरतं? तिने सुनेखाली स्वतःची शाल घातली, चादरीला आणखी एक करकचून गाठ मारली, ती मळक्या गठ्ठ्यात टाकली आणि तरातरा काचेच्या दालनात गेली.

कंत्राटदाराचा साहेब उठून उभा राहिला. खुर्ची दिली, पाणी दिलं, गाठीची तक्रार ऐकून घेतली. "तुमच्यासारखी जुनी माणसं आहेत म्हणून आम्हाला कळतं, मावशी."

इतकं गोड बोलणाऱ्याच्या दातांत काय अडकलंय ते बघावं, असं ती सुनेला नेहमी सांगायची. पण मावशी म्हटल्यावर तिची मान जरा ताठ झाली.

"तुमच्या वॉर्डात चादरी कोण आणतं?" त्याने विचारलं.

तिने सांगून टाकलं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला त्या एका प्रश्नाचा संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेगळीच पोरगी गठ्ठा घेऊन आली.

"कालची कुठंय?"

"काढली तिला. कुणीतरी नाव सांगितलं म्हणे." पोरगी खाली बघत चादर पुढे करत होती. "माझं काही चुकलं तर मलाच सांगा, आजी. वर नका सांगू."

भट्टीवालीने चादर घेतली. फुलांचा वास आला. कोपरा चाचपला. गाठी दोन होत्या.

"काय झालं, आई?" सुनेने विचारलं. "स्वच्छ आहे ना आज?"

"पडून राहा. आलेच."

वॉर्डातला नळ कोरडा होता. ती चादर काखेत मारून पुढच्या दारी गेली, पदर खोचला आणि कारंज्याच्या काठावर बसून दोन्ही गाठी सोडल्या. घरी नेऊन उकळायची तर आधी रक्त गार पाण्यात काढायला हवं.

पहारेकरी धावला. "अहो आजी, हे शोभेचं पाणी आहे!"

"मग लागू दे की आज कामाला."

त्याने दालनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पाठ फिरवून उभा राहिला. डाग हळूहळू फिका होत गेला.

ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात. धोबीखान्यात दुसरं टोक धरायला कुणीतरी असायचंच. काचेपलीकडे नवी पोरगी गठ्ठा घेऊन उभी होती, बघत होती, बाहेर येत नव्हती.

भट्टीवालीने तिला हाक मारली नाही. एक टोक धरून ती उभी राहिली आणि दुसरं फरशीवर ठिबकत राहिलं.